सोयाबीन पिकवणाऱ्यांचं हृदय, त्यांची हाडं

परळीहून तेलगावमार्गे बीडकडे निघालं की वाटेत सिरसाळा लागतं. आसपासच्या शिवारात खरिपाला सोयाबीन पेरतात. गणपती उठले की कापणीची घाई सुरू होते, हडंब्यासाठी नंबर लावावे लागतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कट्टे मोंढ्यात जाऊन पडतात. तिथे मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले जातात. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव खाली येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. प्रत्यक्ष हातात किती पडतात, ते विकणाऱ्याला विचारावं. ओलावा, डाग, माती, काडीकचरा, सगळं या व्यवहारात बघितलं जातं. त्या क्विंटलभर सोयाबीनमध्ये ३६ ते ४० किलो प्रथिनं असतात, हे मात्र आडतीवर कुणी बोलत नाही. तूरडाळीत हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास असतं.

ही प्रथिनं जातात कुठे? कारखान्यात दाणे भरडून त्यातलं तेल काढतात. ते पिशव्यांत भरून पुन्हा गावच्या किराणा दुकानात येतं, आणि एके काळी करडईच्या तेलाची फोडणी देणाऱ्या मराठवाड्याची भाजी आता बहुतेक त्याच्यावरच होते. उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशी जाते. थोडा भाग सोयावडी होऊन रंगीत पाकिटातून परत येतो. म्हणजे पिकवणारं घर तेल विकत घेतं, अंडी विकत घेतं, वडी विकत घेतं. घरातल्या कट्ट्यातला दाणा मात्र सहसा खात नाही. त्याला कारणही आहे. कच्च्या सोयाबीनला उग्र वास येतो आणि नुसतं भाजून-शिजवून खाल्लं तर पोट कुरकुरतं. गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात आणून पाहिलं होतं, ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलंही होतं. तेव्हा महाराष्ट्रात हे पीक जवळपास नव्हतंच. आज ते लाखो हेक्टरांवर आहे आणि ते रोजच्या जेवणात आणायचं कसं, हा मगनवाडीतला प्रश्न जिथल्या तिथे आहे.

मधल्या काळात शेतातही अदलाबदल झाली. खरिपातली ज्वारी, मूग, उडीद यांची जागा सोयाबीनने घेतली. रानात प्रथिनं वाढली आणि घरच्या डाळीचे डबे रिकामे झाले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. सोयाबीन हृदयाला चांगलं, हाडांना चांगलं, असं पाकिटांवर आणि मोबाइलवर वाचायला मिळतं, तेव्हा ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवलेली बरी.

आधी हृदयाचं बघू.

या कथेची सुरुवात इटलीतल्या मिलान शहरात झाली. १९७७ साली सिर्तोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल फार वाढलेल्या रुग्णांच्या आहारातली प्राण्यांपासून मिळणारी प्रथिनं काढून त्या जागी सोयाप्रथिनं दिली. हे सोयाप्रथिन म्हणजे आपल्या सोयावडीचंच भावंड. तीन आठवड्यांत त्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल सुमारे २१ टक्क्यांनी उतरलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला आणि जगभर प्रयोग सुरू झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीचे जेम्स अँडरसन यांनी असे ३८ प्रयोग एकत्र तपासले. सरासरी ४७ ग्रॅम सोयाप्रथिन रोज पोटात गेल्यावर एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे १३ टक्क्यांनी कमी झालं, असं त्यातून निघालं. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांना परवानगी दिली: रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिन घेतल्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापा.

पुढे प्रयोग वाढले, नीट आखलेही गेले, आणि आकडा आक्रसत गेला. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने २२ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा एलडीएलमधली घट उरली जेमतेम तीन टक्के. एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, आणि रक्तदाब यांच्यावर परिणाम दिसला नाही. २०१७ मध्ये अमेरिकी प्रशासनाने तो आरोग्यदावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. आधी दिलेला असा दावा काढून घेण्याची त्यांची ही पहिलीच खेप होती. गंमत अशी की त्याच वर्षी त्याच प्रशासनाने सोयाबीनच्या तेलाला, बऱ्याच अटी घालून का होईना, हृदयासाठीचा दावा करू दिला. प्रथिनाची बढती थांबली आणि तेलाला मिळाली! २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी सेहेचाळीस प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. त्यातही घट तीन टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे एलडीएलमध्ये पाचेक अंकांची निघाली.

पाच अंक म्हणजे किती? तपासणीच्या कागदावर एलडीएल १४० आलं असेल तर १३५. गोळीने हेच ३० ते ५० टक्के उतरतं. तेव्हा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली असेल तर ती बंद करून त्या जागी सोयावडी खाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. घट खोटी नाही, पण ती लहान आहे. आणि तिच्यासाठी काय करावं लागतं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघण्यासारखं आहे. सोयावडीत वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त प्रथिन असतं. म्हणजे २५ ग्रॅमसाठी ५० ग्रॅम कोरडी वडी. अँडरसनच्या ४७ ग्रॅमसाठी ९० ग्रॅम. ती भिजून फुगली की एका माणसापुढे पातेलंभर भाजी होते. रोज. घरातली माणसं चौथ्या दिवशी ताट सरकवतील.

मग सुरुवातीचा तो २१ टक्क्यांचा आकडा खोटा होता का? नाही. ते रुग्ण फार वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे होते, आणि ज्यांचं मुळात जास्त त्यांचं जास्त उतरतं, हे अँडरसनच्या हिशेबातही दिसलं होतं. पण माझ्या मते खरी मेख दुसरीकडे आहे. मिलानमध्ये ताटात सोया आलं तेव्हा ताटातून काय गेलं? मांस गेलं, चीज गेलं, त्यांच्यासोबतची संपृक्त चरबी गेली. सोयाबीनमधल्या एका प्रथिनाचे तुकडे यकृताला रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घ्यायला लावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तो परिणाम थोडा. जे हटलं त्याचा परिणाम त्याहून मोठा. युरोप-अमेरिकेतला कोणताही अभ्यास वाचताना हे विचारलं नाही, तर तिथला आकडा उचलून इथे चिकटवला जातो.

सिरसाळ्याच्या ताटात सोया आलं तर हटणार काय? गोमांसाचा तुकडा तिथे नाहीच. ज्वारीची भाकरी, वरण किंवा पिठलं, ठेचा, हंगामातली भाजी, जमलं तर ताक. सोयावडीने तुरीचं वरण हटवलं तर हृदयाच्या हिशेबात जवळपास काहीच हाती लागत नाही. वडापाव आणि भजी हटवली तर मात्र मिळकत आहे. आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या माणसांत अनेकदा एलडीएल फार वाढलेलं नसतं. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, हा आपला नेहमीचा नमुना. या दोन्हींवर सोयाप्रथिनाची मात्रा चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतो. मधुमेह आणि हृदयविकार त्या वाटेने येतात. कमी स्नायूच्या या माणसाला चांगल्या प्रथिनाची गरज आहेच. फक्त ती कोलेस्टेरॉलच्या रकान्यात मोजता येत नाही.

टोरांटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी २००३ मध्ये जो प्रयोग छापला तो मला म्हणूनच जास्त शहाणपणाचा वाटतो. त्यांनी एकट्या सोयाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवली नाही. सोयाप्रथिन, बदाम, वनस्पतींतले स्टेरॉल, आणि बुळबुळीत तंतू असलेले पदार्थ, म्हणजे ओट, जव, इसबगोल, शिवाय भेंडी आणि वांगी, असं सगळं एकत्र बांधलं. महिनाभरात एलडीएल २९ टक्क्यांच्या आसपास उतरलं. शेजारच्या गटातल्या जुन्या धाटणीच्या गोळीने ३१ टक्के. बदामाच्या जागी शेंगदाणे घेतले तर यातलं बरंचसं परळीच्या आठवडी बाजारातही मिळेल.

आता हाडं. इथे बीड जिल्ह्याची गोष्ट वेगळी होते आणि जास्त गंभीरही.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात. जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यातली मुख्य. त्यांची घडण बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती, त्यामुळे पेशींवर इस्ट्रोजेन जिथे बसतं तिथे ती थोडीफार बसू शकतात. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखतं. पाळी कायमची गेली की ते आटतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडं सर्वांत वेगाने विरळ होतात. तर्क सरळ होता: संप्रेरक गेलं, सोया द्या. १९९८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात पाळी गेलेल्या ६६ बायकांना सहा महिने सोयाप्रथिन दिल्यावर कमरेच्या मणक्यांची घनता किंचित वाढलेली दिसली आणि बाजारात गोळ्यांचा पूर आला.

त्या गोळ्यांची कसून परीक्षा मायामीत झाली. ४५ ते ६० वयाच्या २४८ बायका, दोन वर्षं, रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन. ही मात्रा जपानी बाई जेवणातून घेते त्याच्या कितीतरी पट. २०११ मध्ये निकाल आला: मणक्याची झीज गोळीवाल्यांत २ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.३ टक्के. फरक नाही म्हटलं तरी चालेल. अंगातून वाफा येणं कमी होईल म्हणावं, तर गोळीवाल्या गटात ते जास्तच निघालं. शुद्ध जेनिस्टीन देऊन इटलीत झालेल्या एका प्रयोगात हाडं सुधारली होती, हेही सांगायला हवं. पण तो औषधासारखा दिलेला वेगळा अर्क होता, दुकानातली सोयागोळी नव्हे.

याउलट शांघायचा अभ्यास. तिथे पाळी गेलेल्या २४,४०३ बायकांच्या जेवणाची नोंद घेऊन साडेचार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. रोज १३ ग्रॅमच्या वर सोयाप्रथिन खाणाऱ्यांत हाड मोडण्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के कमी निघाला, आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायची होती त्यांच्यात फरक आणखी ठळक. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा पाहणीचा अभ्यास, प्रयोग नव्हे. सोया जास्त खाणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. शिवाय त्या लहानपणापासून टोफू आणि सोयादूध घेत आलेल्या, पन्नाशीत अचानक गोळी सुरू केलेल्या नव्हेत. जपानच्या पूर्व भागात नाट्टो नावाचं आंबवलेलं सोयाबीन खातात. त्यात हाडांना लागणारं के-२ जीवनसत्त्व भरपूर असतं, ते तर सोयावडीत नसतंच. आणि पोटातले जंतू सारखे नसतात. डेडझीनपासून इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य बनवणारे जंतू जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात, पाश्चात्त्यांत पाव हिश्शाच्या आसपास. एकच वाटी, दोन बायकांत दोन परिणाम.

हे सगळं बीड जिल्ह्यात आणून ठेवू. सोयाबीन मोंढ्यावर गेलं की याच भागातल्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. परत यायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत सुट्टी नाही, आणि खाडा केला तर दंड. मग पोटात दुखलं, अंगावरून गेलं की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला, आणि तो ऐकणंही सोयीचं. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहातली एक. त्यांतल्या पुष्कळ चाळिशीच्या आतल्या.

गर्भपिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी खाली येतं. पन्नाशीला हळूहळू व्हायचं ते तिशीत एकदम होतं. अंडाशयं ठेवली तरी नैसर्गिक वयाच्या काही वर्षं आधी ती थकू शकतात. हाडांची झीज लवकर सुरू होते आणि हृदयाला असलेलं इस्ट्रोजेनचं संरक्षणही लवकर जातं. या प्रकरणातले दोन्ही विषय, हृदय आणि हाडं, एकाच बाईच्या शरीरात येऊन मिळतात, आणि तिच्या डोक्यावर उसाची मोळी असते.

अशा बाईला सोयाबीन पुरेल का? इस्ट्रोजेनची जागा भरून काढायला नाही. मायामीचा निकाल तिला लागू पडतो तितका कुणालाच पडत नसेल. अंडाशयं गेलेल्या तरुण बाईला संप्रेरक द्यावं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून ठरवायचं असतं. तिला शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवायला सांगणं आणि त्यावर अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवणं, एवढं गावातली आशाताईसुद्धा करू शकते. सोयागोळीचा डबा विकत घेऊन तिने पैसे घालवू नयेत.

पण सोयाबीन अन्न म्हणून तिला हवं आहे, आणि का, ते आयसोफ्लेव्होनच्या चर्चेत झाकून गेलं. हाडाचा सांगाडा नुसता चुन्याचा नसतो. त्यात कोलॅजेन या प्रथिनाची वीण असते आणि तिच्यावर कॅल्शियम बसतं. हाड धरून ठेवायला स्नायू लागतो, पडताना सावरायलाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलोच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन हवं. फडावरच्या भाकरी-ठेच्यात ते अंकांत कधी गाठलं जात असेलही, पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी, त्यामुळे शरीराला त्यातलं पुरतं वापरता येत नाही. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर. ज्वारीत जे कमी ते सोयाबीनमध्ये, सोयाबीनमध्ये जे थोडं कमी ते ज्वारीत. इथे सोया काही हटवत नाही, भर घालतं. माझ्या लेखी मराठवाड्यासाठी सोयाप्रथिनाचा सर्वांत भक्कम दावा हाच, आणि तो पाकिटावर कधी छापला जात नाही.

कॅल्शियमसाठी मात्र सोयाबीनवर विसंबू नये. तीळ, नाचणी, दूध-ताक यांचा हात त्याहून वर आहे. तिळाची चटणी भाकरीसोबत रोज असावी.

घरच्या सोयाबीनचं करायचं कसं, तेही सांगतो. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचं द्रव्य असतं, ते प्रथिनं पचू देत नाही. उकळल्याने ते निष्प्रभ होतं, उग्र वास आणणारं विकरही मरतं. म्हणून पाण्याला आधण आलं की मगच दाणे टाकायचे, वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्यायचे, पाणी ओतून द्यायचं, टरफलं चोळून काढता आली तर काढायची, आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायचे. गार पाण्यात टाकून हळूहळू तापवलं तर वास पक्का बसतो. मग नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो घालून दळायचं. यापेक्षा जास्त घातलं तर भाकरी थापताना चिरते आणि पोरं नाक मुरडतात. दिवसाला तीनशे ग्रॅम पीठ खाणाऱ्याच्या पोटात त्यातून साधारण ११ ग्रॅम सोयाप्रथिन जातं. शांघायच्या वरच्या गटाच्या ते जवळ पोचतं, औषधाचा आव न आणता.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाचं खाणं आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोया ती नीट शोषू देत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिन किती, ते डॉक्टरांना विचारावं. पुरुषांच्या पुरुषत्वाबद्दलची भीती मात्र बिनबुडाची. टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही, असं २०१० मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासून दिसलं आहे.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ सारखे, ट्रिप्सिन इनहिबिटरचा मुख्य प्रकार नसलेले वाण काढले आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, १६२ हे वाण इथल्या शेतकऱ्याच्या परिचयाचे, पण ते उतारा बघून घेतले जातात, आणि मोंढ्यात सगळे दाणे एकाच ढिगात मिसळतात. खाण्याच्या वाणाला वेगळा भाव मिळेपर्यंत तो कुणी हौसेने पेरेल असं वाटत नाही. पाच माणसांच्या घराला दहा टक्के मिसळीसाठी वर्षाला साधारण अर्धा क्विंटल लागतं. हमीभावाने ते अडीच-तीन हजारांचा माल. विकायच्या आधी एक कट्टा बाजूला काढता येतो. तो काढताना पेरणीचं उरलेलं रंगीत, औषध चोळलेलं बियाणं त्यात चुकूनही मिसळू नये. उकडून वाळवलेले दाणे कोरड्या डब्यात टिकतात. पीठ मात्र थोडं थोडं दळावं, तेलाच्या अंशामुळे ते महिनाभरात खवट होतं. ऊसतोडीला जाताना सोबत दाणेच न्यावेत आणि जिथे चक्की असेल तिथे ज्वारीबरोबर दळून घ्यावेत.